४००० च्या रीलला किती पौंडांची ब्रेड? (खाडी आणि जेटी)

खाडीकाठ:
स्पिनिंग रील ४००० साईज, स्पूलवर (दोरा गुंडाळायची चकरी) ०.३०/२०० छापलंय, म्हणजे ०.३० मिमीचा दोरा २०० मीटर. रॉड ८ फुटी, त्यावर पीई (ब्रेडच्या जाडीचा आकडा) १-२ आणि लूअर (नकली आमिष) १०-३५ ग्रॅम. रत्नागिरीच्या बाजूला खाडीत जिताडा-तांबोशीसाठी लूअर टाकणार, अधूनमधून जेटीवरून कोळंबी लावून तळाला. दुकानदार म्हणतो, बिनधास्त ५० पौंडांची (म्हणजे तेवढा ताण झेलणारी) ब्रेड, विणलेला दोरा, भर. दुसरा म्हणतो साधी तंगूसच (एकपदरी नायलॉनचा दोरा) बरी. नक्की काय भरू? लीडर (ब्रेडच्या पुढे जोडायचा तुकडा) किती?

तांबोशीवाला:
५० कशाला? उत्तर तुमच्या रॉडवरच छापलंय. पीई २ भरा, १५० मीटर.

पाकिटावरच्या पौंडांच्या मागे लागू नका, जाडी बघा. पीई १ म्हणजे साधारण ०.१६५ मिमी, पीई १.५ म्हणजे ०.२०५, पीई २ म्हणजे ०.२३५. या शेवटच्या जाडीच्या दोऱ्यावर एक कंपनी २० पौंड लिहिते, दुसरी ४०. पहिली हातचं राखून लिहिते, दुसरी कोरड्या, बिनगाठीच्या दोऱ्याचा आकडा देते. स्वस्तातल्या ब्रेडवर तर जाडीही कमीच छापलेली असते, ०.२३ म्हणून घेतलेला दोरा स्पूलवर ०.३० सारखा भरतो.

जाड ब्रेडने काय होतं? वारा धरते, हलका लूअर लांब जात नाही, भरतीच्या ओढीत दोऱ्याला पोट येतं आणि चावा हातापर्यंत उशिरा पोचतो. शिवाय दोरा तुटत नाही म्हटल्यावर माणूस ड्रॅग (मासा ओढेल तसा दोरा सोडणारा रीलचा ब्रेक) आवळतो. मग लूअरचा तिकाटणा गळ सरळ होतो, नाहीतर रॉडचं टोक जातं.

पागेरा:
वरच्याशी सहमत. भरण्याचा हिशेब देतो, कारण तिथेच बहुतेकांचं चुकतं.

स्पूलची क्षमता जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते. ०.३० चा वर्ग ०.०९, गुणिले २०० म्हणजे १८. पीई २ चा वर्ग ०.०५५, म्हणजे नुसती ब्रेड भरली तर सव्वातीनशे मीटर लागेल. एवढी खाडीत कुणाला लागते! १५० मीटर ब्रेडला ८.३ जातात, उरले ९.७, भागिले ०.०९. म्हणजे खाली ०.३० ची तंगूस साधारण १०५ मीटर भरा, वर ब्रेड. दोन्हींची गाठ डबल युनी.

खालची तंगूस नुसती जागा भरायला नाही. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधली की अख्खा गठ्ठा स्पूलभोवती फिरतो, आणि लोकांना वाटतं ड्रॅग बिघडला. भरताना ओल्या फडक्यात धरून ताणून भरा. सैल भरलेल्या ब्रेडमध्ये वरचा दोरा खालच्या थरांत रुततो आणि पुढच्या फेकीला अडकतो. स्पूलच्या कडेपासून दोनेक मिलिमीटर खाली थांबा. काठोकाठ भरलीत तर पहिल्याच फेकीला गुंता.

खाडीकाठ:
पण खोक्यावर मॅक्स ड्रॅग १० किलो आहे. मग २० पौंडांचा दोरा त्याला कमी नाही का पडणार?

तांबोशीवाला:
१० किलो म्हणजे ड्रॅग पूर्ण आवळल्यावरचा आकडा. तो वापरायचा नसतो. दोऱ्याच्या ताकदीचा पाव भाग ड्रॅग ठेवा: २० पौंड म्हणजे ९ किलो, म्हणून सव्वादोन किलो. दोरा सगळ्या गाईडमधून (रॉडवरच्या कड्या) ओवून टोकाला सामान तोलायचा हातकाटा अडकवा, रॉड ४५ अंशांत धरा आणि काटा दुसऱ्याला ओढायला सांगा. सव्वादोनला ड्रॅग सुटला पाहिजे. तांबोशी कांदळवनाच्या मुळांकडे पळाली तर बोटाने स्पूल दाबून थोडा जोर वाढवता येतो, ते आवळून ठेवण्यापेक्षा बरं.

कातळावरचा:
लीडरशिवाय हे सगळं फुकट. जिताड्याचे ओठ कानशीसारखे खरखरीत आणि कल्ल्याची कड धारदार. तिथे ब्रेड टिकत नाही. ३० ते ४० पौंडांचा फ्लुरोकार्बन (तंगुसासारखाच एकपदरी, पण घासणं जास्त सोसणारा दोरा), हातभर ते मीटरभर. ब्रेडला एफजी गाठ. ती जमत नसेल तर डबल युनी चालेल, फक्त लीडर गाईडच्या बाहेर राहील एवढा आखूड ठेवा, जाड गाठ गाईडला आपटते. फ्लुरोकार्बनची गाठ ओली करूनच आवळा. कोरडी आवळली की दोरा घासून तापतो आणि गाठीपाशीच तुटतो. सुरमई असेल त्या जागी मात्र ४० चाही उपयोग नाही, दात कापतात, वायर लावा.

जेटीच्या बाबतीत तंगूसवाल्याचं थोडं खरं आहे. खांबांना आणि खडकांना कालवं असतात, ताणलेली ब्रेड त्यांना नुसती टेकली तरी कापली जाते. दुसरा स्पूल असेल तर त्यात ०.३५ ची तंगूस भरा. नसेल तर ब्रेडपुढे ४० पौंडांची तंगूस दीड-दोन मीटर लावा.

आणि तळाला टाकताना शिसं मुख्य दोऱ्यावर ओवू नका. तिठ्याचं स्विव्हल (तीन कड्यांची फिरती जोडणी) घ्या, बाजूच्या कडीला १० पौंडांच्या बारीक तंगुसाने शिसं बांधा. तळाला अडकणार ते शिसंच. ओढलं की तो बारीक तुकडा तुटतो, गळ आणि मासा वर येतो. अडकल्यावर ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नका, बोट चिरतं. काठीला गुंडाळा, रॉड दोऱ्याच्या रेषेत सरळ धरा आणि मागे सरका.

पागेरा:
तंगूस भरलीत तर तो स्पूल उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नका, ठिसूळ होते. ब्रेड मागच्या टोकाकडून जवळपास नवीच राहते. वरची रंग उडून लव सुटली की उलटी करून भरा.