ट्रॉलरच्या प्रतिकृतीचा प्रोपेलर पाणी घुसळतो, पण बोट पुढे सरकत नाही

प्रश्न
नमस्कार. मी मच्छीमार ट्रॉलरची 80 सेंमी लांबीची, सुमारे 4 किलो वजनाची रेडिओवर चालणारी प्रतिकृती बांधली आहे. 540 आकाराची ब्रश मोटर थेट शाफ्टला जोडली असून 7.2 व्होल्टच्या बॅटरीवर 30 मिमी व्यासाचा प्रोपेलर फिरतो. वेग वाढवला की मागे फेस उसळतो, मोटर तापते आणि बोट मात्र रेंगाळते. मोटर बदलावी की प्रोपेलर?

उत्तर 1
मोटर राहू द्या; शाफ्टचे फेरे कमी करा आणि प्रोपेलर मोठा घ्या. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीने ठरतो, आणि तुमच्या बोटीसाठी ती मर्यादा सेकंदाला 1.1 मीटरच्या आसपास आहे. मिनिटाला 12,000 फेरे धरले, तर 30 मिमी पिचचा (म्हणजे एका फेऱ्यात 30 मिमी पुढे जाऊ पाहणारा) प्रोपेलर सेकंदाला 6 मीटर जाऊ पाहतो, त्यामुळे बहुतेक शक्ती पाणी घुसळण्यातच खर्च होते.

3:1 गिअर लावून त्याच घाटाचा 50 मिमीचा प्रोपेलर बसवा. लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या आणि फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने बदलते, म्हणून व्यासामुळे ती सुमारे 13 पट वाढली, तरी फेरे एक तृतीयांश झाल्याने 27 पट घटते आणि शेवटी निम्म्याहून थोडी कमीच लागते. जागेवरचा रेटा मात्र 85 टक्क्यांच्या आसपास टिकतो. थोडे पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी संथपणे मागे ढकलणे केव्हाही किफायतशीर असते, आणि खऱ्या ट्रॉलरचे प्रोपेलर याच कारणाने मोठे व सावकाश फिरणारे असतात.

उत्तर 2
वरील गणिताशी मी सहमत आहे. फेस बहुधा पृष्ठभागावरून ओढल्या गेलेल्या हवेचा असावा, म्हणून बॅटरी मागे सरकवून प्रोपेलर अधिक खोल बुडेल असे करा. पात्याचे टोक आणि बोटीचा तळ यांत निदान 5 मिमी जागा मोकळी राहिली पाहिजे.

प्रश्नकर्ता
मोजून पाहिले; 45 मिमीच बसेल. 2.5:1 चा पट्टा मिळतो आहे, तो चालेल का?

उत्तर 1
अवश्य चालेल. 1.5 चा पाचवा घात 7.6 आणि 2.5 चा तिसरा घात 15.6, म्हणजे शक्ती पुन्हा निम्म्याजवळच येते. पट्टा जोडण्यापूर्वी शाफ्ट बोटांनी सहज फिरतो याची खात्री करा. नंतर वॉटमीटर लावून, बोट बांधून ठेवून, विद्युतप्रवाह मोजा. परंतु पूर्ण थ्रॉटल काही क्षणच द्या, कारण बोट जागेवर असतानाच मोटरवर सर्वाधिक भार येतो.