घर आवडलंय, पण एरिया कसा आहे हे नक्की कसं ठरवायचं?

पहिलंच_घर
नमस्कार मंडळी. आम्ही पहिलं घर घेतोय, वीस वर्षांचं लोन होणार आहे, त्यामुळे जरा धाकधूक आहे. एक घर बघताक्षणी आवडलं, उजेड भरपूर, हवा खेळती, खिडकीतून समोर झाडं दिसतात. दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा रविवारी सकाळी अकराला, कारण एजंटला तीच वेळ जमत होती. गल्ली एकदम शांत वाटली. पण आमच्या ओळखीचं तिथं कुणीच नाही, आणि एजंटला विचारलं की तो म्हणतो चांगला एरिया आहे, बिनधास्त घ्या. आई आमच्याबरोबरच राहणार, तिचे गुडघे दुखतात. बायकोची शिफ्ट रात्री साडेनऊला सुटते. विसार द्यायला अजून पंधरा दिवस आहेत. भिंती, लिकेज, कागदपत्रं तपासायला माणसं मिळतात हो, एरिया कोण तपासून देणार? तुम्ही कसं ठरवलंत?

झोपमोड
रविवारी अकराला बहुतेक सगळेच एरिया शांत असतात. मी अगदी हीच चूक केली होती म्हणून सविस्तर लिहितोय. आमच्या आधीच्या घरामागे एक मोठं लोखंडी गेट होतं, बघायला गेलो तेव्हा कुलूप, आम्हाला वाटलं जुनी बंद पडलेली शेड असेल. राहायला गेलो आणि सोमवारी पहाटे सव्वाचारला ट्रक रिव्हर्स घ्यायला लागले, टीं टीं टीं टीं, एक झाला की दुसरा. गोदाम होतं ते, फक्त रविवारी बंद. खिडक्या लावून घेतल्या तरी तो आवाज आत यायचाच, कारण तो बनवलाय लोकांना ऐकू जावा म्हणूनच. मुलगी तेव्हा आठ महिन्यांची, रोज दचकून उठायची. तीन वर्षं काढली तिथं. त्यामुळे हात जोडून सांगतो, आठवड्याच्या मधल्या वारी रात्री साडेदहाला आणि पहाटे पाचला जा आणि बेडरूमच्या खिडकीखाली पाच मिनिटं नुसते उभे राहा.

मोबाइलवर डेसिबलचं ॲप टाकून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रात्रीचा रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज घराबाहेर सरासरी 45 डेसिबलच्या खाली असावा असं म्हटलंय. फोनचं ॲप काही तंतोतंत नसतं, म्हणून आत्ता राहताय त्या घराबाहेर त्याच वेळी मोजा आणि तुलना करा. 10 डेसिबल जास्त म्हणजे कानाला जवळपास दुप्पट आवाज.

पाणी_बघा
आवाजाचं झालं, आता पाण्याचं. जोराचा पाऊस पडला की त्याच दिवशी जा, छत्री घेऊन, अख्खी गल्ली चाला. पाऊस नसेल तर खुणा शोधा. कंपाउंडच्या भिंतीवर सगळीकडे एकाच उंचीला ओलीची आडवी रेघ, तळमजल्याच्या दारात नंतर बांधलेला उंबरठा (सिमेंटचा रंग वेगळा असतो, लगेच कळतं), चौकटीच्या दोन्ही बाजूंना फळी सरकवायला केलेली खाच, छातीच्या वर नेऊन बसवलेले विजेचे मीटर. असे उपाय लोक हौस म्हणून करत नाहीत.

आणि "इथं शंभर वर्षांतून एकदा पूर येतो" असं कुणी सांगितलं तर गाफील राहू नका. त्याचा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता, शंभर वर्षांची सुट्टी नव्हे. तुमच्या लोनच्या वीस वर्षांत निदान एकदा तसा पूर येण्याची शक्यता साधारण 18 टक्के होते.

नकाशेवाला
समोरची झाडं कुणाच्या जागेत आहेत ते बघितलंत का? मोकळा प्लॉट कायम मोकळा राहत नाही. विकास आराखड्यात तिथं काय दाखवलंय, रस्ता रुंद होणार आहे का, हे नगररचना कार्यालयात जाऊन बघा, फोनवर विचारू नका.

रस्त्याचं का म्हणतोय तर डोनाल्ड ॲपलयार्ड म्हणून संशोधक होते, त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकमेकांसारख्याच तीन गल्ल्यांचा अभ्यास केला, 1972 मध्ये छापून आला. एका गल्लीतून दिवसाला 2000 गाड्या, दुसरीतून 8000, तिसरीतून 16000. कमी गाड्यांच्या गल्लीत माणसाला त्याच गल्लीतले सरासरी तीन मित्र, आणि सगळ्यात वर्दळीच्या गल्लीत एकही धड नाही, 0.9. तुमच्या आईसाठी हे फार महत्त्वाचं आहे, दिवसभर घरी त्याच असणार.

पहिलंच_घर
बापरे, यातलं काहीच डोक्यात नव्हतं. झाडं मागच्या प्लॉटमधली आहेत बहुतेक, उद्याच चौकशी करतो. बायकोच्या रात्रीच्या येण्याचं कसं बघू? मी एकदा स्टॉपपासून चालत गेलो होतो, सात मिनिटं लागली, ठीक वाटलं.

शेवटची_बस
दादा, तुम्ही चालून काही उपयोग नाही, वहिनींना चालू द्या. त्यांच्याच वेळेला, त्यांच्याच चपला घालून, खांद्याला ऑफिसची बॅग, आणि तुम्ही बरोबर नको, लांब थांबा. मी अकरा वर्षं रात्रीची घरी येतेय. दिवे आहेत की नाहीत एवढं बघून भागत नाही, उजेड फुटपाथवर पडतो का ते बघावं लागतं, कारण दिवा रस्त्याकडे तोंड करून असतो आणि मध्ये झाड आलं की चालायची जागा काळोखात. गल्लीत तोंड असलेल्या किती खिडक्यांत लाइट चालू आहे ते मोजा. लांबच लांब नुसती भिंत असेल तर तो पट्टा सगळ्यात वाईट, हाक मारली तरी ऐकणारं कुणी नाही. पाठीमागे पावलं वाजली तर कुठल्या दारात शिरता येईल, हा विचार वहिनींच्या मनात आपोआप येईल, तो त्यांना विचारा आणि त्या जे सांगतील ते मनावर घ्या.

बसची शेवटची वेळ स्टॉपवर उभं राहून बघा, ॲपवर नको. आणि जाण्यायेण्यात आत्तापेक्षा पंचवीस मिनिटं जास्त लागत असतील तर हिशोब मांडा, दोन्ही वेळचे पन्नास मिनिटं, वर्षाचे 250 दिवस, 208 तास झाले. तेवढा वेळ घरातल्या कुणाच्या तरी वाट्याचा जातो.

झोपमोड
+१. आणि आईंना पण घेऊन जा एकदा. फुटपाथची उंची, मध्ये टेकायला कुठं जागा आहे का, हे गुडघे दुखणाऱ्या माणसालाच दिसतं.

पहिलंच_घर
अपडेट देतोय. मंगळवारी रात्री तिघंही गेलो. आवाजाचं काही नाही, ॲपवर आमच्या आत्ताच्या घरापेक्षा कमीच दाखवलं. मागच्या प्लॉटवर बांधकामाची परवानगी निघालीय, म्हणजे झाडं जाणार, वाईट वाटलं पण ते चालवून घेऊ. बायको स्टॉपवरून एकटी चालत आली. मधे एका बंद शाळेची भिंत आहे, मी पावलं मोजली, एकशे चाळीस, आणि एकच दिवा. ती आल्यावर एवढंच म्हणाली की तिथं मी धावले.

मग एक गंमत झाली, आई एका घराच्या पायरीवर टेकली होती, तिथल्या आजी बाहेर आल्या आणि दोघी अर्धा तास बोलत बसल्या. त्या म्हणाल्या शाळेच्या पलीकडच्या गल्लीत एक घर निघतंय विकायला, स्टॉपकडूनच, भिंत लागतच नाही. जरा लहान आहे आणि उजेडही कमी. आईने परस्पर त्यांचा नंबर घेऊन ठेवलाय. परवा पाऊस सांगितलाय, तेव्हा उंबरठे बघायला जातोय दोन्ही गल्ल्यांचे.