मदत हवी आहे: वडिलांच्या लिव्हरमध्ये पू, नळी घालूनही ताप जात नाही

सायली_क
वडील आठ दिवसांपासून ॲडमिट आहेत. लिव्हरमध्ये गळू आहे. नळी घालून पू काढला, तीन दिवस ताप नव्हता. काल संध्याकाळी पुन्हा हुडहुडी भरून १०२. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं येतात, 'अँटिबायोटिक बदलू' म्हणतात आणि जातात. सरळ ऑपरेशन का करत नाहीत? पुण्याला हलवू का? संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

घाटवाट
वय? शुगर? गळू केवढं? पुवाचं कल्चर (कुठले जंतू आहेत ती तपासणी) केलं का? नळीतून रोज किती येतंय? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

अप्पा_मिरजकर
माझ्या मेहुण्याला हेच झालं होतं. चॉकलेटी पू, अमीबाचा. मेट्रोनिडॅझोलवर दहा दिवसांत उभा राहिला, फक्त तोंडाला सतत तांब्याची चव. नंतर आतड्यातला अमीबा मारायच्या गोळ्याही दिल्या. नळीबिळी काही लागली नाही. उगाच बिल वाढवतात.

घाटवाट
अप्पा, अमीबाचं वेगळं, बॅक्टेरियाचं वेगळं. अमीबाचं बहुतेक वेळा नुसत्या औषधाने बरं होतं. बॅक्टेरियाचं गळू ५ सेंमीच्या वर असेल तर सहसा नळी घालतातच. ताई कुठलं ते अजून बोलल्याच नाहीत.

मंदार७९
हलवणार असाल तर कॅशलेसची मंजुरी नव्या हॉस्पिटलमधून परत घ्यावी लागेल. इथली डिस्चार्ज समरी आणि सीटीची सीडी हातात असू द्या. रोज सकाळी भुईआवळ्याचा रसही द्या, लिव्हरला फार चांगला.

सायली_क
वय ६१. शुगर दहा वर्षांपासून, ॲडमिट केलं तेव्हा ३८०. गळू ८ सेंमी, उजवीकडे. कल्चरच्या कागदावर क्लेबसिएला नावाचा बॅक्टेरिया लिहिलाय. नळीतून पहिल्या दिवशी २५० मिली, परवा ४०, काल जेमतेम ५. म्हणजे पू संपला ना? मग ताप कशाचा?

निशा_सिस्टर
पू संपला असेलच असं नाही. आकडा एकदम पडला आणि ताप चढला की आधी नळी तुंबली का ते बघतात. हा पू बऱ्याचदा घट्ट, चिकट असतो. बाबा त्या कुशीवर झोपतात तेव्हा नळी चिकटपट्टीपाशी मुडपते का, तेवढं बघा. स्वतः काही ढकलू नका. डॉक्टरांना नेमकं विचारा: नळी सलाईनने फ्लश केली का, सोनोग्राफी परत कधी, जाड नळी घालायची का? ऑपरेशनचा विचार गळू फुटलं किंवा नळीने आणि औषधाने भागलं नाही तर होतो.
मंदार, अँटिबायोटिक चालू असताना डॉक्टरांना न विचारता कसलाही रस सुचवू नका.

मंदार७९
आमच्या घरी तीन पिढ्या घेतात. कुणाला काही झालं नाही.

सायली_क
नळी मुडपलेली नाही. डॉक्टरांना गाठते. आणखी एक, कालपासून उजव्या डोळ्याने धुरकट दिसतंय म्हणतात, पेपर वाचता येत नाही. चष्मा जुना आहे, शुगरही वरखाली होतेय, त्यानेच असेल.

निशा_सिस्टर
सायली, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं! शुगर, लिव्हरचं गळू, क्लेबसिएला आणि त्यात अचानक धुरकट दिसणं. हे जंतू रक्तातून डोळ्यात जातात. एका दिवसात नजर जाऊ शकते. नेत्रतज्ज्ञांना आत्ताच बोलवायला सांगा. पुण्याचं नंतर बघू.

अप्पा_मिरजकर
डोळ्याचं मला ठाऊक नव्हतं. ताई, सिस्टर म्हणतात तसं करा.

सायली_क (तिसऱ्या दिवशी)
नळी तुंबलीच होती. जाड नळी घातल्यावर ११० मिली निघाला. ताप आज ९९. डोळ्यात जंतू पोचले होते, त्याच रात्री बाहुली मोठी करून तपासलं आणि डोळ्यात इंजेक्शन दिलं. नजर किती परत येईल ते आत्ताच सांगता येत नाही म्हणाले. आज त्या डोळ्याने हातभर अंतरावरून बोटं मोजली. पुण्याला हलवलं नाही.

निशा_सिस्टर
बरं झालं. ताप गेला म्हणून औषध सोडू नका, सगळं मिळून चार ते सहा आठवडे चालतं. सोनोग्राफीत पोकळी कित्येक महिने दिसू शकते, तिला घाबरू नका. पू कुठून आला ते मात्र शोधायला लावा: पित्ताशयात खडे आहेत का, आणि बरे झाल्यावर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करायची का. डिस्चार्जच्या गडबडीत हेच राहून जातं.

सायली_क
लिहून घेतलं. खड्यांचं उद्या राउंडला विचारते.