मदत हवी आहे : स्टेबल ब्रँचवरचे फिक्स मेनमध्ये कसे न्यावेत? (गिट, जँगो)

उंबरठा
वाचनालयांच्या देवघेवीचं एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आम्ही चौघं सांभाळतो. ते जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर आहे, कोडच्या आवृत्त्यांचा हिशेब गिट ठेवतं. 'स्टेबल-२.४' ही ब्रँच (कोडची शाखा) वाचनालयांत चालू आहे, 'मेन' या ब्रँचवर ३.० चं काम चाललंय. बग जिथे सापडेल तिथे फिक्स होतो आणि दुसरीकडे चेरी-पिक केला जातो (तेवढाच बदल उचलून लावला जातो). २.४.३ मध्ये दुरुस्त झालेला एक बग ३.० च्या बीटात परत आलाय. अख्खी स्टेबल मेनमध्ये मर्ज करायला (मिसळायला) घेतली तर कॉन्फ्लिक्टचा (एकाच जागी भिडणाऱ्या बदलांचा) ढीग लागतो. त्यात आता स्टेबलवर डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवावा लागणार आहे. तिथे शेवटचं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी क्रमांकित फाइल) ००४१, मेनवर ००४७. काय करावं?

रात्रपाळी
आधी दिशा एकच ठरवा. दोनच पद्धती टिकतात.

लिनक्स कर्नलची पद्धत : फिक्स आधी मुख्य झाडात (मुख्य कोडमध्ये) जातो, मग तिथून स्टेबलमध्ये उतरतो. मुख्य झाडात नसलेला पॅच (बदल) स्टेबलवाले सहसा घेतच नाहीत. खुद्द गिट प्रकल्पाची पद्धत याच्या उलट : फिक्सची ब्रँच 'मेंट' या जुन्या रेषेवरून काढायची आणि मर्ज करत वर 'मास्टर'कडे न्यायची.

२.४ आणि ३.० मध्ये फार अंतर पडलं नसेल तर वर मर्ज करणं उत्तम, कारण काय पोचलं नि काय राहिलं याचा हिशेब गिट स्वतः ठेवतं. तुमच्याकडे अंतर पडलेलं दिसतंय. मग मेनवर फिक्स करा, 'गिट चेरी-पिक -एक्स' ने खाली आणा आणि यापुढे स्टेबल मेनमध्ये मर्ज करू नका. '-एक्स' मुळे मूळ कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, संदेशात नोंदला जातो. बग फक्त २.४ मध्येच असेल, तर कमिट संदेशात तसं स्पष्ट लिहून थेट स्टेबलवर फिक्स करा.

पाटपाणी
दोन्ही पद्धतींची सरमिसळ का नको, त्याचं खरं कारण कॉन्फ्लिक्ट नव्हे. कॉन्फ्लिक्ट निदान दिसतो तरी. समजा, मेनवरचा एक बदल तुम्ही स्टेबलवर चेरी-पिक केला. पुढे तो चुकीचा ठरला म्हणून मेनवर रिव्हर्ट केला (मागे घेतला), स्टेबलवर तसाच राहिला. आता स्टेबल मेनमध्ये मर्ज केलीत, तर गिट दोन्ही टोकं समान पूर्वजाशी (दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या त्या कमिटशी) ताडून बघतं. पूर्वजात बदल नाही, मेनमध्येही (रिव्हर्टमुळे) नाही, स्टेबलमध्ये आहे. म्हणजे बदल फक्त स्टेबलने केला असं धरून गिट तो मुकाट्याने मेनमध्ये परत आणतं. एकही इशारा येत नाही.

आजवरची थकबाकी काढायला 'गिट चेरी -व्ही मेन स्टेबल-२.४' चालवा. अधिक चिन्ह असलेल्या कमिटची जोडी मेनमध्ये सापडलेली नाही, वजा असलेल्यांची सापडली. पण चेरी-पिक करताना कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवला असेल तर पॅच बदलतो आणि तो कमिट पोचलेला असूनही अधिक दाखवतो. म्हणून अधिकवाले एकेक करून डोळ्यांखालून घाला. ३.० मध्ये परत आलेला बग याच यादीत सापडण्याची दाट शक्यता आहे. प्रत्येक फिक्ससोबत त्याची टेस्टही मेनवर न्या.

रात्रपाळी
मायग्रेशनबद्दल : शक्य असेल तर स्टेबलवर स्कीमा (डेटाबेसची रचना) बदलूच नका. पोस्टग्रेस हा डेटाबेसदेखील मायनर रिलीजमध्ये सिस्टीम कॅटलॉगची (त्याच्या स्वतःच्या अंतर्गत तक्त्यांची) रचना बदलत नाही, म्हणून तिथे फक्त बायनरी बदलून सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो.

बदलावाच लागला, तर इथे अपवाद म्हणून सुरुवात स्टेबलवर करा. मेनवरचं ००४८ खाली आणलंत तर ते ००४७ वर अवलंबून असणार आणि ००४७ स्टेबलवर नाहीच. स्टेबलवर ००४२ तयार करा, अवलंबन ००४१ वर. तीच फाइल, अक्षरशः त्याच नावाने, मेनवर ठेवा आणि मॉडेलमधलं फील्डही तिथे जोडा. मेनवर आधीच दुसरं ००४२ असेल तरी हरकत नाही, क्रमांकापुढचं नाव वेगळं हवं. मेनवर आता दोन टोकं झाल्याची तक्रार जँगो करेल. 'मेकमायग्रेशन्स --मर्ज' चालवलं की दोन्ही टोकं जोडणारं ००४८ बनतं.

नाव बदलायचं नाही, कारण लागू झालेली मायग्रेशन्स जँगो ॲप आणि नाव यांवरून ओळखतो. मेनवर तोच कॉलम वेगळ्या नावाच्या मायग्रेशनने जोडलात, तर २.४ वरून ३.० वर येणाऱ्या प्रत्येक वाचनालयाचं अपग्रेड 'कॉलम आधीच आहे' म्हणत अडकेल. कोऱ्या डेटाबेसवर चालणाऱ्या टेस्टमध्ये हे कळणारही नाही. २.४ च्या डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घेऊन त्यावर ३.० ची मायग्रेशन्स चालवणारी पायरी सीआयमध्ये (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) घालाच.

उंबरठा
दोघांचेही आभार. रोज रात्रीचं शेड्यूल केलेलं सीआय स्टेबलवरही चालतं ना? त्याची वर्कफ्लो फाइल दोन्ही ब्रँचवर आहे, सीआय गिटहब ॲक्शन्सवर चालतं.

पाटपाणी
नाही. 'शेड्यूल'चा ट्रिगर फक्त डीफॉल्ट ब्रँचवर (तुमच्याकडे मेन) चालतो, स्टेबलवरची फाइल त्यासाठी बघितली जात नाही. मेनवरच्या वर्कफ्लोमध्ये चेकआउटच्या पायरीला 'रेफ' म्हणून 'स्टेबल-२.४' द्या. शिवाय स्टेबलवर सगळ्या डिपेंडन्सींच्या (वापरात असलेल्या बाहेरच्या लायब्ररींच्या) आवृत्त्या पक्क्या करा, नाहीतर कोडला हात न लावताही एखाद्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीने तिथला बिल्ड मोडेल.