मदत हवी आहे: आजोबांची फेल्ट हॅट ठाण्यात कोण नीट करून देईल?
नौपाड्यातलं घर आवरताना माळ्यावर आजोबांची राखाडी फेल्ट हॅट सापडली. आतला चामडी पट्टा तडकलाय, मागे कसरीने दोन भोकं पाडलीत. वाकलेली कड किटलीच्या वाफेवर धरून बरीचशी सरळ केली (फेल्ट म्हणजे दाबून बसवलेली लोकर, ती वाफेने मऊ पडते), पण पट्ट्याला हात लावायची हिंमत नाही. जांभळी नाका पालथा घातला. गांधी टोप्या, फेटे, क्रिकेटच्या कॅप, सगळं आहे, हॅटवाला नाही. एकाने तर विचारलं, "नाटकासाठी का?" पूर्वी बोडक्याने बाहेर पडणं अशुभ मानायचे, आता हॅट घातली की लोक वळून बघतात! बघू देत, मला ती गोखले रोडवर मिरवायचीच आहे. ठाण्यात, फार तर दादरपर्यंत, पट्टा बदलणारा कारागीर कुणाला माहितीये का? आणि फेल्ट रफू होतं का?