मदत हवी आहे: नागपूरला रनवे ३२ वर दरवेळी उंच आणि वेगात पोहोचतोय

वर्धारोड२४
जरा लवकर उत्तर हवंय. मुंबई-नागपूर, रनवे ३२. आज १० मैलांवर ५८०० फूट, २४५ नॉट. ग्लाइडस्लोप (धावपट्टीकडे नेणारा रेडिओचा उतार) कुठेतरी खाली राहिलेला. पंखांवरचा स्पीडब्रेक पूर्ण ओढला तरी फरक पडत नाही. सातपैकी सहा वेळा गो-अराउंड (न उतरता परत वर जाणं) करावा लागला. हजार फूट उतरायला तीन मैल हे गणित मला येतं, कृपया तेच परत सांगू नका. सोमवारी टाइप रेटिंग (ठरावीक विमानाचं प्रशिक्षण) सुरू होतंय, त्याआधी हे सुटायलाच हवं.

सिमवेडा
कोणतं विमान? घरचा सिम्युलेटर ना? वजन किती, वारा कुठून, उतरताना ऑटोपायलट होता की हातानं?

वर्धारोड२४
ए३२०, घरीच. सीपीएल (व्यावसायिक वैमानिक परवाना) छोट्या सेस्नावर झालंय. तिथे पॉवर काढली की विमान लगेच मंदावतं. हे तर आयडलवरही (इंजिन किमान ताकदीवर) घसरतच राहतं. ऑटोपायलट अर्थातच चालू. वारा फार नव्हता.

सिमवेडा
'अर्थातच' म्हणालास तिथेच एक उत्तर आहे. ए३२० वर ऑटोपायलट चालू असला तर स्पीडब्रेकची लिव्हर पूर्ण ओढ नाहीतर अर्धी, पंखावरची पाती अर्धीच उघडतात. पूर्ण हवी असतील तर ऑटोपायलट काढायला लागतो.

गोकुळपेठ_एअर
भाऊ, काऊन एवढं डोकं लावून राहिला? चाकं काढ! ए३२० ची चाकं २५० नॉटपर्यंत काढता येतात. फ्लॅप १ (पंखामागच्या झडपांची पहिली पायरी) ला २३० च्या खाली यावं लागतं, म्हणजे तुझ्या २४५ ला फ्लॅप बंदच. चाकांइतका दुसरा ब्रेक नाही. मी तर दरवेळी १२ मैलांवरच काढतो.

सिमवेडा
दरवेळी १२ मैलांवर चाकं म्हणजे दुखणं तसंच ठेवून रोज गोळी घेण्यासारखं आहे. चाकं हा राखीव उपाय. तो पहिल्या दिवसापासून वापरायची सवय लागली तर परीक्षकासमोर हातात काहीच उरत नाही.

गोकुळपेठ_एअर
राखीव ठेवून सहा गो-अराउंड झाले नं त्याचे. माझं विमान उतरते.

मानेवाडा_क्र७
वजन कमी करून बघा. जड विमान लवकर खाली पडतं, म्हणून वेग वाढतो.

सिमवेडा
उलटं आहे. त्याच दर्शवलेल्या वेगाला जड विमान हलक्यापेक्षा जास्त लांब घसरत जातं, म्हणून जड असताना उतरायला आधी सुरुवात करावी लागते. वजन कमी केलंस तर सुटल्यासारखं वाटेल, आणि खऱ्या प्रशिक्षणात भरलेलं विमान मिळालं की परत तेच.

धरमपेठची_सई
विषय विमानाचा आहे म्हणून विचारते. उतरताना माझ्या मुलीचे कान फार दुखतात, रडते ती. काय करावं?

जुना_टॉवर
सईताई, विमान खाली यायला लागलं की तिला घोटाघोटानं पाणी पाजा, जरा मोठी असेल तर चघळायला काहीतरी द्या. गिळताना कानातला दाब सुटतो. झोपली असेल तर उठवा. सर्दी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता वर्धारोड, तुझ्याकडे. मी नियंत्रण कक्षात बरीच वर्षं काढली आहेत, आता निवृत्त आहे. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, उंची समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या थोडी वर आहे. १० मैलांवर तीन अंशांचा उतार धावपट्टीपासून साधारण ३२०० फुटांवर असतो. म्हणजे तुझ्या उंचीमापकावर ४२०० दिसायला हवेत. तू १६०० फूट वर आहेस, त्याचे झाले पाच मैल. त्यात २४५ वरून १४० च्या आसपास यायचंय, समतल उड्डाणात दर १० नॉटला साधारण एक मैल लागतो, ते आणखी दहा. एकूण पंधरा मैल तुझ्याकडे कमी पडताहेत. पंधरा मैल चुकून हरवत नाहीत, बेटा. कुठून कापलेस?

वर्धारोड२४
कापले नाहीत. मार्ग पूर्ण भरलेला होता, उतरायची सुरुवातही कॉम्प्युटरनं सांगितली तिथेच केली. नंतर फायनलवरच्या (धावपट्टीसमोरच्या सरळ रेषेवरच्या) बिंदूला डायरेक्ट दिलं, म्हणजे मधले बिंदू गाळले. ते तर मी नेहमीच देतो.

जुना_टॉवर
हेच तू पहिल्या ओळीत लिहायला हवं होतंस. मुंबईहून ३२ साठी यायचं म्हणजे विमानतळाला वळसा घालून उमरेडच्या बाजूनं, वायव्येकडे तोंड करून यावं लागतं. कॉम्प्युटरनं तो सगळा वळसा धरून उतार आखला. वाटेत तू वळसा काढून टाकलास, पण उंची पूर्ण वळशाचीच राहिली. पंधरा मैल कापलेस तर पाच हजार फूट फुकटचे डोक्यावर बसतात.

आणखी एक. हवामान खरं लावलंय का, आणि किती वाजताचं?

वर्धारोड२४
खरंच. दुपारी अडीच. ४५ अंश.

जुना_टॉवर
मग खऱ्या आकाशात हेही धरावं लागतं. प्रमाण हवेपेक्षा (मापक ज्या ठरावीक तापमानावर बेतलेलं असतं त्यापेक्षा) दर १० अंश जास्त तापमानाला खरी उंची मापकापेक्षा साधारण चार टक्क्यांनी जास्त असते. नागपूरच्या मे महिन्यात हा फरक तीस अंशांच्या पुढे जातो. मापकावर धावपट्टीच्या ३२०० फूट वर असशील तेव्हा खरा साडेतीनशे-चारशे फूट आणखी वर असतोस. ग्लाइडस्लोप मात्र जमिनीवरून येतो, त्याला उन्हाशी काही देणंघेणं नाही. शिवाय तापलेल्या विरळ हवेत २४५ दाखवताना खरा वेग पावणेतीनशेच्या पुढे असतो. वेगाला पाचनं गुणून बघ, तीन अंशांसाठी मिनिटाला १४०० फूट उतरायला हवं.

गोकुळपेठ_एअर
काका, तुम्ही सोनेगावलाच होते का? आमचे आजोबा सांगायचे, रात्री टपालाची विमानं यायची.

जुना_टॉवर
ती माझ्या आधीची. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून रात्री डकोटा विमानं निघायची आणि नागपूरला एकत्र जमायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत ज्याची त्याची टपाल घेऊन परत. देशाच्या मधोमध असल्याचा खरा उपयोग तेव्हा झाला.

सिमवेडा
छान माहिती, पण त्याचा सोमवार लक्षात राहू द्या. वर्धारोड, फक्त उंच असशील, वेग ताब्यात असेल, तर वरून ग्लाइडस्लोप पकडता येतो. चाकं आणि फ्लॅप आधी काढ, ऑटोपायलटवर निवडलेली उंची विमानाच्या वर ठेव, व्हर्टिकल स्पीड उणे १५००. पण २४५ ला हे करू नकोस. खाली जाणं आणि मंदावणं, दोन्ही एकदम होत नाही.

गोकुळपेठ_एअर
आणि तेव्हा चाकंच कामी येतात, हेच तर म्हणून राहिलो मी सकाळपासून.

वर्धारोड२४
काका, आज सहा वेळा केलं. डायरेक्ट द्यायच्या आधी राहिलेलं अंतर वहीत लिहायचं आणि दिल्यावर परत मोजायचं, असं ठरवलं. पहिल्यांदा ३८ मैलांचे २४ झाले. तेव्हा मी ११,००० वर होतो! धावपट्टीचे हजार वजा केले तरी नुसत्या उंचीलाच ३० हवेत. आकडा समोर आल्यावर डायरेक्ट रद्द केलं आणि वळसा पूर्ण केला. चार वेळा १००० फुटांआधी फ्लॅप फुल, वेग १३८, सगळं स्थिर. दोनदा नाही जमलं, सरळ गो-अराउंड केला. त्या दोन्ही वेळा मागून २० नॉट वारा होता. त्याचे किती मैल धरू?

जुना_टॉवर
दर १० नॉटला एक. दोन धर, आणि वळायच्या आधी धर.