उजनीच्या काठाने, खर्च बेताचा

आई-बाबा आणि दोन लहान मुलं घेऊन सोलापुरातून तलाव बघत कमी खर्चात फिरायचं, तर थेट भिगवण (उजनीच्या पाण्याकाठचं, पक्ष्यांसाठी ओळखलं जाणारं गाव) गाठून तिथेच मुक्काम करा, असं कुणीही सुचवेल. भिगवण हवंच, पण दीडशेएक किलोमीटर एका दमात नको. पोरं कंटाळतात, म्हाताऱ्यांचे पाय आखडतात.

पहाटे निघा. टेंभुर्णीजवळ हायवे सोडून भीमेवरचं उजनी धरण बघा, मग पळसदेव. पाणी उतरलं की उन्हाळ्यात तिथलं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडतं. पण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे तर हिवाळाच. म्हणजे दोन्ही एका फेरीत जमणं अवघड. मुलं असतील तर मी डोळे झाकून पक्षी निवडीन. भिगवणजवळच्या कुंभारगावला सकाळच्या उन्हात होडीतून बघा: रोहित चोच उलटी करून चिखलपाणी गाळत असतो, मध्येच पंख उघडतो आणि आतला लालभडक रंग दिसतो. होडी माणशी न ठरवता अख्खी ठरवा, नावाड्याला इंजिन लांबच बंद करायला सांगा आणि मुलांना लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसवू नका.

जेवणाला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही घरूनच न्या. मासे खात असाल तर एक वेळ तिथली चिलापी खाच.

एवढंही झेपणार नसेल, तर तुळजापूर रोडवरचा हिप्परग्याचा एकरुख तलाव अर्ध्या दिवसात होतो. 1871 सालचा आहे, आणि आपण सोलापूरकर तिकडे फिरकत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.